रान तोडलं तर रोख, राखलं तर काय? कार्बन क्रेडिटच्या कराराबद्दल विचारायचंय

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. थोडं लांबतंय, सांभाळून घ्या.

संगमेश्वर तालुक्यात आमचं अकरा एकर रान आहे. सातबाऱ्यावर वरकस, म्हणजे डोंगरउताराची हलकी जमीन, प्रत्यक्षात ऐन, किंजळ, आसाणा, कुंभा, जांभूळ, मधेमधे खैर आणि खाली पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अंगाला दोन रायवळ आंबे. शेवटची तोड २००३ साली झाली, धाकट्या बहिणीच्या लग्नाला. ठेकेदारानं खोडं तेवढी ठेवली आणि बाकी डोंगर भादरला. आई महिनाभर त्या बाजूला फिरकली नव्हती. पुढच्या पावसात खोडांना फुटवे आले, आणि आता तिथं भर दुपारी सावलीत बसता येतं. पऱ्याला पूर्वी दिवाळीनंतर पाणी नसायचं, हल्ली शिमग्यापर्यंत असतं. ते रानामुळेच असं मी म्हणत नाही, पण असतं.

आता एकाच महिन्यात दोन माणसं दारात आली.

पहिला लाकडाचा ठेकेदार. आमच्याकडच्यांना सांगायला नको, पंधरा-वीस वर्षं झाली की हे लोक बरोबर येतात, जसे आंब्याला मोहोर आला की दलाल येतात. अकरा एकराचे उक्ते तीन लाख साठ हजार म्हणाला. परवानगी, वाहतुकीचा पास, गाडी, माणसं सगळं त्याचं. पंचवीस हजारांचा विसार टेबलावर ठेवला, चहा प्यायला आणि पैसे तसेच ठेवून चालू पडला. मी बेड्यापर्यंत धावत जाऊन परत दिले. तोवर त्याच्या माणसानं वरच्या अंगाच्या चाळीसेक झाडांना चुन्याचे पट्टे मारलेले होते. कोणाला विचारून, देव जाणे.

दुसरा कार्बनवाला. पुण्याहून आलेला, तिशीच्या आतला मुलगा. न सांगता बूट काढून ओटीवर बसला म्हणून आईला आवडला. टॅबवर आमच्याच रानाचा उपग्रहाचा फोटो दाखवला, हिरवागार. म्हणाला, तुमची झाडं हवेतला कार्बन खातात, बाहेरदेशीच्या कंपन्या त्याचे पैसे देतात, तीस वर्षांचा करार करा, झाड तोडायचं नाही आणि दर काही वर्षांनी खात्यात रक्कम. किती रक्कम? "साधारण चांगली येते सर." हा आकडा मी चार वेळा विचारला आणि चारही वेळा साधारण चांगलीच आली. करार अडतीस पानांचा, इंग्रजी. माझं इंग्रजी बारावीपुरतं. 'लँडओनर शॅल नॉट' एवढं मात्र सतरा ठिकाणी सापडलं, मोजलंय.

निघताना म्हणाला, "सर, आता कायदाच झालाय. सरकारनंच कार्बनचा बाजार काढलाय." त्या वाक्यामुळे मी इथे विचारतोय.

सातबाऱ्यावर चौदा नावं आहेत, सामाईक. त्यातली दोन माणसं वारली, वारस नोंद झालेली नाही. नालासोपाऱ्याचा भाऊ म्हणतो विकून टाक. डोंबिवलीच्या चुलतभावाला कार्बन आवडलाय, कारण त्यात जमीन जात नाही आणि पैसे येतात असं त्याला कळलंय. दोघांनाही रानात जायची वाट दाखवावी लागेल.

आणि वडिलांचं एक वाक्य डोक्यातून जात नाही. ते म्हणायचे, "रानाला रान म्हणू नये, सरकार ऐकतं." त्यांच्या तरुणपणी शेजारच्या वाडीतल्या एकाच्या सातबाऱ्यावर 'खाजगी वन' असा शेरा पडला होता, तो काढता काढता त्या माणसाची हयात गेली.

तेव्हा जाणकारांनी सांगावं. हा कायदा कुठला आणि आमचं वरकस त्यात बसतं का? कार्बनच्या कागदावर 'फॉरेस्ट' लिहून सही दिली तर तो शेरा आमच्या डोक्यावर पडेल का? आणि सरळ प्रश्न: मी नुसतं तोडलं नाही, तर मला कोण काही देतं का?

कुंभार्लीपलीकडचा

अकरा एकराला तीन साठ? लुटतोय तुम्हाला. खैराचे वेगळे पैसे मागा, खैर उक्त्यात घालू नका. कार्बनवाल्याला सांगा, आधी पैसे ठेव मग हवा घेऊन जा.

जुना रेंजर

तीस वर्षं वनखात्यात काढली, बरीचशी कोकणात. आता निवृत्त आहे म्हणून मोकळेपणी लिहितो.

सड्यावरचे, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण खरी गोम तिथं आहे. तुमचं रान देशाच्या हिशेबात आधीच जमा झालेलं आहे. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहाच्या चित्रांवरून वनाचा अहवाल काढते. त्यात एक हेक्टरहून मोठा तुकडा असेल आणि झाडोऱ्याची दाटी दहा टक्क्यांवर असेल, तर ते 'वनाच्छादन'. जमीन कोणाची, सातबाऱ्यावर काय लिहिलंय, झाड जंगली की कलमी, हे बघायचंच नाही अशी व्याख्याच आहे. मी स्वतः एकदा नकाशावरचा हिरवा ठिपका तपासायला दोन तास चढून गेलो तर वर काजूची बाग. मालक झापाखाली बसलेला. त्यानं विचारलं, "काय सायब, माझी बाग जंगल झाली काय?" मी म्हटलं, दिल्लीत झाली, इथं नाही. तो हसला, मी पण हसलो, पण उत्तर तेच होतं.

२०२३ च्या अहवालात देशाचं वन आणि वृक्ष आच्छादन २५.१७ टक्के दाखवलंय. आपण हवामानाच्या पॅरिस कराराखाली जगाला शब्द दिलाय की २०३० पर्यंत झाडांमधून अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइड जादा जिरवू. त्याच अहवालात म्हटलंय की २००५ च्या तुलनेत २.२९ अब्ज टन झालासुद्धा. आता तुमची तारीख बघा. तोड २००३ ला, मोजणीची सुरुवात २००५ पासून. म्हणजे बहिणीच्या लग्नानंतर त्या खोडांतून जे जे फुटलं, ते जवळजवळ सगळं त्या २.२९ मध्ये आहे. त्याबद्दल तुम्हाला कोणाचं पत्र आलं? येणारही नाही.

आता कायदा. तो मुलगा अर्धं खरं बोलला. हवामान बदलाचा असा एकच सलग कायदा आपल्याकडे नाही, तुकडे आहेत. ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि त्यातून जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट ट्रेडिंगची योजना निघाली. क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड वाचवल्याचा किंवा जिरवल्याचा दाखला, त्याची खरेदी-विक्री. तिच्यात उत्सर्जन कमी करायचं बंधन कोणावर? सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, खत, कागद, कापड, तेलशुद्धीकरण, पेट्रोकेमिकल, क्लोर-अल्कली अशा नऊ उद्योगांवर. शेतकऱ्यावर नाही, जंगलावर नाही. शेती आणि वनीकरण आलं ते दुसऱ्या दारानं, ज्याला ऑफसेट म्हणतात: ज्यांच्यावर बंधन नाही त्यांनी आपणहून काही केलं तर क्रेडिट मिळवावं. त्या दाराच्या पहिल्या पद्धती २०२५ मध्ये मंजूर झाल्या, त्यात झाडांची म्हणावी तर खारफुटीची लागवड आहे. सड्यावर, कातळाच्या माळावर, खारफुटी कुठून आणणार? तुमच्या दारात आलेला कागद बहुधा या कायद्याखालचा नाहीच, तो खाजगी स्वेच्छा बाजाराचा आहे. तिथं नियम क्रेडिटची नोंद ठेवणाऱ्या परदेशी नोंदणी संस्थांचे. बेकायदा नाही, पण 'सरकारचा बाजार' म्हणून विकत असेल तर कान टवकारा.

आणि त्या बाजाराचा पहिलाच नियम तुम्हाला नडणार आहे. क्रेडिट मिळतं ते फरकाचं. तुमच्या करारामुळे जे जादा घडलं, जे एरवी घडलंच नसतं, त्याचं. तुमचं रान वीस वर्षं उभं आहे, कराराशिवाय उभं आहे. मग करारानं काय केलं? उजाड कातळावर माती टाकून तुम्ही उद्या हजार रोपं लावलीत तर तो फरक. उभं रान राखलं हाही फरक धरतात, पण ते 'एरवी तोडलं गेलं असतं' हे कागदोपत्री सिद्ध करावं लागतं, आणि त्या मोजणी-तपासणीचा खर्च अकरा एकरांच्या मालकाला झेपणारा नाही. म्हणजे शेकडो मालकांची मोट बांधावी लागते. त्याला विचारा, ह्या प्रकल्पाचा प्रकार कोणता, नवी लागवड की राखण? दोन शब्दांत उत्तर आलं नाही तर उठा.

कोणाच्या मनात येईल की मग तोडू, ठेकेदाराचे पैसे घेऊ आणि मोकळ्या जागेवर बांबू लावून क्रेडिटही घेऊ. ही वाट त्यांनीही बंद केली आहे. नैसर्गिक रान तोडून जागा मोकळी केली असेल तर मोठ्या नोंदणी संस्था दहा वर्षं ती जागा घेत नाहीत. उपग्रहाचा जुना फोटो काढून दाखवतात. ज्या फोटोवर तुम्हाला हिरवंगार दाखवलं, तोच.

आता वडिलांचं वाक्य. ते अनुभवाचं होतं. महाराष्ट्र खाजगी वने संपादन कायदा ३० ऑगस्ट १९७५ ला लागू झाला आणि 'खाजगी वन' या व्याख्येत बसणारी जमीन त्या दिवशी सरकारची झाली. नंतर लहान मालकांना बारा हेक्टरपर्यंत परत द्यायची तरतूद आली, पण शेरे आणि फेरफार यांचा गुंता राहिलाच. जमीन वन धरण्याबद्दलच्या १९५७ सालच्या सरकारी नोटिशीवरून मुंबईतल्या जमिनीचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१४ मध्ये न्यायालयानं सांगितलं की नुसती जुनी नोटीस निघाली होती एवढ्यावर जमीन वन ठरत नाही. सत्तावन्न वर्षं! माझ्या नोकरीच्या सुरुवातीला म्हातारे सांगायचे की कायदा येतोय म्हटल्यावर कित्येकांनी आपली रानं आधीच साफ करून टाकली. रान वाचवायचा कायदा, आणि त्याच्या नुसत्या चाहुलीनं कुऱ्हाडी निघाल्या. माझ्या खात्याबद्दल बोलतोय, पण आहे ते आहे.

तुमच्यापुरतं: १९९६ च्या १२ डिसेंबरला गोदावर्मन खटल्यात न्यायालयानं म्हटलं की शब्दकोशाच्या अर्थानं जे वन ते वन, मालकी कोणाचीही असो. २०२३ मध्ये वन संरक्षण कायदा बदलला, तेव्हा अधिसूचित आणि सरकारी दप्तरात वन म्हणून नोंद असलेली जमीन एवढ्यापुरताच तो ठेवला. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायालयानं अंतरिम आदेश देऊन जुना व्यापक अर्थ तूर्त चालू ठेवला. गंमत म्हणजे त्या २०२३ च्या कायद्याच्या प्रस्तावनेत नेट झिरो २०७० आहे, म्हणजे २०७० पर्यंत जेवढा कार्बन सोडू तेवढा जिरवू, अडीच-तीन अब्ज टन आहेत, सगळं आहे. आणि खाली कलमांत सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आत देशाच्या महत्त्वाच्या रस्ता-रेल्वेला सूट, प्राणिसंग्रहालयाला सूट, सफारीला सूट. प्रस्तावना वाचली की वाटतं झाड लावतायत, कलमं वाचली की वाटतं रस्ता आखतायत.

खाजगी करारावर 'फॉरेस्ट' लिहिल्यानं सातबाऱ्यावर शेरा पडत नाही. शेरा महसुली दप्तरातून पडतो. तरी सगळ्या गटांचे जुने फेरफार काढा आणि 'इतर हक्क' रकाना डोळ्यांखालून घाला. तिथं आधीच काही असेल तर ठेकेदारालाही परवानगी मिळणार नाही आणि ही सगळी चर्चाच मिटली.

वणव्याबद्दल करारात काय आहे तेही बघा. फेब्रुवारीत कोणी बिडी टाकली आणि डोंगर पेटला तर?

वकीलीणबाई

रेंजर साहेबांनी सगळं लिहिलंच आहे, माझ्यापुरतं जोडते. असे तीन करार माझ्या टेबलावर येऊन गेले. तिन्हींत वाद झाला तर लवाद सिंगापूरला. आमच्या एका पक्षकाराला मी म्हटलं, दादा, तुम्ही चिपळूणच्या तारखेला येत नाही, सिंगापूरला कसे जाणार?

झाडातल्या कार्बनची मालकी कोणाची, हे आपल्याकडच्या कुठल्या कायद्यात सरळ लिहिलेलं नाही. म्हणून करारात पहिल्याच पानावर 'सर्व कार्बन हक्क कंपनीकडे कायमचे हस्तांतरित' असं वाक्य घालून ठेवतात. कायमचे हा शब्द आहे का, बघा. करार तीस वर्षांचा आणि हक्क कायमचे, असा प्रकार मी पाहिलाय. नफ्यातला टक्का लिहिलेला असतो, पण तो 'खर्च वजा जाता' असतो, आणि खर्चाला मर्यादा नसते.

सामाईक सातबाऱ्यावर चौदातल्या एकानं सही केली तर ती त्याच्या हिश्श्यापुरती. अकरा एकरांचा चौदावा भाग रानात नेमका कुठं आहे, हे त्या पुण्याच्या मुलाला दाखवायला सांगा. आधी वारस नोंद करून घ्या. हे ठेकेदाराच्या बाबतीतही तितकंच खरं आहे.

वायकाटोकर

मूळचा इस्लामपूरजवळचा, गेली अकरा वर्षं न्यूझीलंडमध्ये. सहाशे गाईंच्या गोठ्यावर काम करतो. गोठा हा शब्द इथं बरोबर नाही, गाई बाराही महिने कुरणात असतात, फक्त दुधाला आत येतात. पहाटेचं दूध काढून आत्ता बसलोय.

रेंजर काकांनी 'फरकाचं क्रेडिट' लिहिलंय ते वाचून राहवलं नाही, कारण इथं तेच एका तारखेत बांधून ठेवलंय. हवामानाचा कायदा २००२ चा आणि कार्बनचा बाजार २००८ पासून. पहिल्यांदा आत कोण आलं? झाडं. आणि नियम काय? १ जानेवारी १९९० ला तिथं रान होतं का नव्हतं. नव्हतं आणि नंतर लावलं, तर झाड वाढेल तसं क्रेडिट. आधीपासून होतं, तर वाढीचं काही नाही. उलट ते पाइनचं लागवडीचं रान असेल आणि तुम्ही ते तोडून कुरण केलं तर दंडासारखं तुम्हालाच क्रेडिट भरावं लागतं. आजोबानं राखलं त्याच्या नातवाला शून्य, शेजाऱ्यानं १९८५ ला तोडून १९९५ ला पाइन लावलं तर त्याला पैसे. ही तारीख इथल्या लोकांनी काढलेली नाही, क्योटोच्या जुन्या हवामान कराराच्या वेळच्या हिशेबातून आली. तुमच्याकडे २००५, आमच्याकडे १९९०, एवढाच फरक.

परिणाम डोळ्यांनी बघतोय. क्रेडिटचा भाव २०२२ च्या शेवटी टनाला ऐंशी न्यूझीलंड डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा डोंगराकडची मेंढ्यांची शेतं बाहेरच्या पैसेवाल्यांनी घेतली आणि सगळीकडे पाइन लावलं. शाळेत पोरं कमी झाली, लोकर कातणारी टोळी दुसऱ्या गावाला गेली. पुढच्याच वर्षी भाव चाळीसच्या खाली. पाइन मात्र उभं. त्यामुळे तो 'साधारण चांगली' म्हणणारा मुलगा खोटं बोलत नसेल, त्यालाही माहीत नसेल.

आणि गाई? देशाच्या एकूण उत्सर्जनातला जवळजवळ निम्मा वाटा शेतीचा, त्यात मोठा भाग गाई-मेंढ्यांच्या रवंथातला मिथेन. २००३ मध्ये त्यावर छोटासा कर बसवायचं निघालं तर एका खासदारानं ट्रॅक्टर घेऊन संसदेच्या पायऱ्या चढल्या. मग २०१३ पासून शेती कार्बनच्या बाजारात आणू म्हणाले, मग २०१५, मग नंतर बघू. शेतकरी संघटना आणि सरकार एकत्र बसून २०१९ पासून वेगळी पद्धत काढत होते, तेही २०२४ मध्ये मोडलं आणि शेतीला कार्बनच्या बाजारातूनच बाहेर काढलं. २०५० पर्यंत मिथेन २४ ते ४७ टक्के कमी करायचं लिहिलं होतं, ते २०२५ मध्ये १४ ते २४ वर आणायचं ठरलं. माझा मालक भला माणूस आहे, पण त्याला विचारलं तर म्हणतो, झाडवाल्यांना पैसे आणि मला बिल, हे कसलं गणित? माझी आई गावाकडे दोन म्हशी राखते. तिच्या म्हशीला कोणी बिल लावलं असतं तर मी पण ट्रॅक्टर काढला असता. भारतानं ग्लासगोला २०२१ मध्ये मिथेनच्या जागतिक शपथेवर सही केली नाही ती याच कारणानं, भात आणि गुरं म्हणजे छोट्या माणसाचं पोट. पण सहाशे गाईंचा धंदा आणि दोन म्हशी एका तराजूत कशा घालायच्या, हे मला दूध काढता काढता अजून सुटलेलं नाही.

सड्यावरचा

सगळ्यांचे आभार. वकीलीणबाई, पान दोनवर 'इन पर्पेच्युइटी' असा शब्द आहे. भाचीला विचारला, म्हणाली कायमचे. तीस वर्षांचा करार आणि कायमचे हक्क, तुम्ही म्हणालात तस्संच.

रेंजर साहेब, एक झाड धरून किती कार्बन होतो हे आपलं आपण काढता येतं का? कुतूहल म्हणून विचारतो.

जुना रेंजर

येतं, ढोबळ. जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे साधारण छातीशी, बुंध्याचा घेर मोजायचा. घेर आणि उंचीवरून वजन काढायची सूत्रं जातीगणिक वेगळी असतात, ती इथं लिहीत बसत नाही. पण वाळलेल्या लाकडाचं वजन धरलंत तर पुढचं सोपं आहे. त्यातला सुमारे ४७ टक्के कार्बन, आणि त्याला ३.६७ नं गुणलं की हवेतून किती कार्बन डायऑक्साइड ओढला ते. दहा टन सुकं लाकूड म्हणजे सतरा टनांच्या आसपास. ठेकेदार टनावर विकतो, कार्बनवालाही टनावरच. झाड तेच. एकाला ते पडलेलं लागतं, दुसऱ्याला उभं, आणि दुसरा म्हणतो तुझं आधीपासून उभं होतं म्हणून मोजत नाही.

सड्यावरचा

काल रविवारी नालासोपाऱ्याचा भाऊ आला होता. त्याला घेऊन रानात गेलो. आईची ब्लाउजं शिवायची टेप घेतली होती, ती दीड मीटरचीच, पऱ्यावरच्या किंजळीला पुरली नाही. सुंभ गुंडाळून घेर घेतला आणि घरी येऊन मोजला: दोन मीटर दहा. म्हणजे ही २००३ च्या तोडीतून सुटलेली असणार, फुटव्याचं झाड एवढं होत नाही. भावाला आठवलं, बाबांनी तेव्हा ठेकेदाराशी भांडून पऱ्यावरची पाच-सात झाडं ठेवायला लावली होती. मला हे माहीतच नव्हतं. मी तेव्हा लग्नाच्या पत्रिका वाटत फिरत होतो.

भाऊ विकायचं म्हणत आला होता आणि अजूनही म्हणतोय, त्याच्या मुलीची कॉलेजची फी आहे, मी त्याला चूक म्हणू शकत नाही. पण पऱ्याच्या अंगाचं चार एकर सोडून वरच्या सातांचंच बोलू, इथपर्यंत आला. ठेकेदार म्हणतो सात एकराला दोन लाख, खैर धरून. खैर वेगळा म्हटल्यावर फोन ठेवला.

पुण्याच्या मुलाला मी फोन केला. विचारलं, नवी लागवड की राखण? जरा थांबला, म्हणाला, "सर, लागवड. तुमच्या कातळाच्या मोकळ्या भागात." म्हणजे अकरा एकरांतलं जेमतेम दीड एकर, जिथं गवताशिवाय काही येत नाही. मग टॅबवर हिरवं रान का दाखवलंस? तर म्हणे ते लोकेशनसाठी. मी म्हटलं, आणि जे उभं आहे त्याचं? "त्याचं सध्या आपल्याकडे प्रॉडक्ट नाही सर." मुलगा प्रामाणिक निघाला शेवटी. आईनं विचारलं, तो बूट काढणारा परत कधी येणार आहे.

करार परत पाठवला. तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला, एका मयताचा दाखला जोडून. दुसरे काका १९९८ ला मुंबईत वारले, त्यांचा मृत्यूचा दाखला काढायला चुलतभावाला महापालिकेत पाठवलंय. फेरफार १९६२ पासूनचे मागवलेत. 'इतर हक्क' रकान्यात एका गटावर अस्पष्ट पेन्सिलीत काहीतरी आहे, वाचता येत नाही. रेंजर साहेब, फोटो तुम्हाला वेगळा पाठवतो, बघून सांगा तो शब्द 'वन' आहे की 'वरकस'.